सिनेमात नसलेला माणूस

युद्धातून जीव वाचवून आलेल्या माणसांचा सिनेमा लागला की माझी आत्या सगळ्यांत आधी पाय बघते. नटाचा चेहरा, त्याचे अश्रू, मागे वाजणारं व्हायोलिन, कशाकडेच तिचं लक्ष नसतं. बर्फातून महिनाभर चालत आलेला सैनिक असो नाहीतर तुटक्या होडीतून किनाऱ्याला लागलेला खलाशी असो, ती मला खुर्ची टीव्हीजवळ ओढायला लावते, चष्मा पुसते आणि म्हणते, "पाय दाखवा म्हणावं." कॅमेरा बहुतेक वेळा पाय दाखवतच नाही. दाखवलेच तर दोन ठिकाणी लाल रंग फासलेला असतो आणि नखं छान कापलेली असतात. "पेडिक्युअर करून निघालाय मेला," असं ती एकदा म्हणाली तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला होता. हा शब्द तिला कुठे सापडला ते अजून कळलेलं नाही.

आत्या नव्वदीला टेकली आहे. तिने लग्न केलं नाही, सगळी नोकरी परळच्या शाळेत मुलांना गणित शिकवण्यात काढली. नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. हे सिनेमे म्हणजे आमची दुपारची करमणूक. भुकेने मरायला टेकलेला नायक टेकडीवर पळत चढला की आत्या हसते. "भुकेलेला माणूस पळत नाही गो. तो बोलतसुद्धा नाही." जंगलात संगीत सुरू झालं की आवाज बंद करायला लावते. हे सगळं ती बोलू शकते, कारण ती स्वतः चाललेली आहे. सात वर्षांची असताना, बेचाळीस साली, ती रंगूनहून निघून डोंगर आणि जंगल तुडवत हिंदुस्थानात पोचली.

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आजोबा रंगूनला एका कचेरीत कारकून होते. शहरावर बॉम्ब पडायला लागल्यावर बोटीवर एकाचीच जागा मिळाली. आजोबांनी पुढे जाऊन मुंबईत सोय लावायची आणि पुढच्या बोटीने आजीने मुलांना घेऊन यायचं, असं ठरलं. पुढची बोट सुटलीच नाही. मग आजी निघाली ती पायी. कडेवर एक वर्षाचा मुलगा, म्हणजे माझे बाबा, आणि पदर धरून आत्या. शेकडो माणसं चालत होती. वाटेत आत्या मागे पडायला लागली. आजीला थांबता येईना, कारण पुढचा घोळका सुटला तर रस्ता सुटला. तेव्हा एक माणूस आत्यासाठी थांबायला लागला. उंच, काळासावळा, कमरेला पंच्यात गूळ बांधलेला. कुठला होता, कोणती भाषा बोलायचा, आजीला कळलं नाही. तो थोडं पुढे जायचा, वळून बघायचा आणि आत्या येईपर्यंत उभा राहायचा. मग एक दिवस आत्याला चालवेना, तेव्हा त्याने तिला खांद्यावर घेतलं. शेवटच्या छावणीपर्यंत तो तिला तसाच घेऊन आला, तिथे खाली उतरवलं, तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि पाणी आणायला गेला. त्या गर्दीत तो पुन्हा दिसला नाही. नाव विचारायचं राहून गेलं.

दादरच्या फलाटावर आजोबांनी आजीला ओळखलं नाही, हेही आम्हाला पाठ आहे. ते तिच्या शेजारून दोनदा गेले.

आजोबांबद्दल मात्र कुणी फार बोलायचं नाही. ते पुढे लोअर परळला एका गिरणीच्या कचेरीत लागले. त्यांची एक सवय चाळीत चेष्टेचा विषय होती. कामावरून आले की हातपाय धुवायचे आणि विचारायचे, "ती जेवली का?" आजी जेवलेली नसेल तर ते पाटावर बसायचे नाहीत. त्या काळी आमच्या चाळीत पुरुषांच्या पंगती आधी उठायच्या, बायका उरलंसुरलं खायच्या. आजोबा भिंतीला टेकून बसून राहायचे आणि आजी त्यांच्यासमोर, लाजून, भराभर जेवून घ्यायची. मी लहान होते, मला वाटायचं की सगळ्यांचेच आजोबा असे असतात. शेजारचे काका त्यांना बायकोचा बैल म्हणायचे. आजोबांनी कधी उलट उत्तर दिलं नाही.

आणि दुसरी गोष्ट एका पानाची. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे पितरांना जेवायला वाढतात, त्यात एक पान आत्याला खांद्यावर घेणाऱ्या त्या माणसाचं असतं. आधी बरीच वर्षं वाढत नव्हते. तो जिवंत असला तर? जिवंत माणसाचं पान वाढणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं, म्हणून आजी थांबली होती. मग एका वर्षी आजोबाच म्हणाले, "आता तोही वय होऊन गेला असेल. वाढूया त्याचं पान." वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर आणि कडेला गुळाचा खडा. ते पान गच्चीवर आजोबा स्वतः न्यायचे. कावळा शिवेपर्यंत हात जोडून उभे राहायचे आणि तो शिवल्यावरच खाली येऊन घरातल्यांना जेवा म्हणायचे. ज्याला त्यांनी कधी पाहिलं नाही त्याच्यापुढे माझे आजोबा जितका वेळ उभे राहिले, तितके ते देवापुढेही कधी उभे राहिले नाहीत. ते गेल्यावर आजीने, आजीनंतर आत्याने ते पान वर नेलं.

तीनेक वर्षांपूर्वी शिवाजी पार्कच्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात आत्या रंगूनबद्दल बोलली. कुणीतरी ते फोनवर घेतलं, कुणीतरी पुढे पाठवलं आणि एक दिवस आमच्या दाराशी सिनेमा लिहिणारी मुलगी आली. पंचविशीतली, केस बारीक कापलेले, बोलायला गोड. तिला आत्याच्या गोष्टीवर सिनेमा लिहायचा होता. आत्याने तिला आधी लाडू दिला, मग प्रश्न विचारला.

"पाय दाखवणार का?"

"दाखवू ना आजी."

"आणि माझी एक अट आहे. तो माणूस सिनेमात आला पाहिजे. त्याला बघितलेली मी एकटीच उरले आहे. मी गेले की त्याला ओळखणारं या जगात कुणी नाही. ही माझी भाची, हिला पितृपक्ष कधी येतो तेसुद्धा कॅलेंडरात बघावं लागतं. पान कोण वाढणार त्याचं? सिनेमात आला तर चार लोकांच्या तरी लक्षात राहील."

भाचीबद्दलचं मत मी मुकाट्याने गिळलं, कारण ते खरं होतं. मुलीने अट मान्य केली आणि आत्या लहान मुलीसारखी खूश झाली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांना नावं ठेवली, आता आपला येणार म्हणून तिने शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना फोन लावले. त्यातल्या ज्या दोघी हयात होत्या त्यांना तीन तीनदा.

मुलगी येत राहिली. आत्या बोलायची, ती फोनवर आवाज भरून घ्यायची. आजोबांचा विषय आला की आत्या म्हणायची, "बाबांचं सोड, पुढचं ऐक." एका दुपारी आत्याचा डोळा लागला होता आणि मुलगी माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली. तिने सहज विचारलं, "आणि तुमचे आजोबा कुठे होते तेव्हा?"

माझ्यासमोरच त्यांचा फोटो होता. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कुणाच्याही नजरेला नजर न देणारे डोळे. मला एकदम दिसलं की हा सिनेमा लालबाग-परळची सगळी माणसं बघणार. चाळीतले जुने शेजारी, त्यांची मुलं, माझ्या ऑफिसातल्या बायका. आणि पडद्यावर माझे आजोबा बायकामुलांना मागे ठेवून बोटीत बसणार. भिंतीला टेकून आजीच्या जेवण्याची वाट बघणारा माणूस त्यांना कोण दाखवणार? माझ्या तोंडातून निघून गेलं, "होते ना, बरोबरच होते. आत्याला त्यांनीच खांद्यावर घेतलं."

मुलीचं पेन थांबलं. "पण आजी तर म्हणतात, एक अनोळखी माणूस..."

"असेल कुणीतरी, थोडी मदत केली असेल. ती लहान होती हो तेव्हा. आणि आता वय झालंय, घोटाळा होतो तिचा."

हे मी म्हटलं. जी बाई आजही सतरा आणि एकोणीसचे पाढे उलटे म्हणते, तिच्याबद्दल. मुलीने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मी तिला आणखी एक लाडू दिला. त्या लाडवाची मला आजही लाज वाटते.

नंतर मला ते निस्तरता आलं असतं. एक फोन पुरला असता. पण आज करू, उद्या करू म्हणत राहिले, आणि मग शूटिंग सुरू झाल्याचं कळलं. त्यानंतर वर्षभर आत्या रोज विचारायची, "आला का गो आपला सिनेमा?" आणि माझा जीव टांगणीला. सिनेमा डब्यात जावा, अशी प्रार्थना मी सिद्धिविनायकाला केली आहे. त्याने ती ऐकली नाही, आणि बरंच झालं.

सिनेमा आला. लिहिणाऱ्या मुलीने आम्हाला सकाळच्या खेळाचं बोलावणं पाठवलं. थिएटर लोअर परळला मॉलमध्ये, आजोबांच्या गिरणीच्याच आवारात. जिथे ते हजेरीपट घेऊन बसायचे तिथे कुठेतरी आता पॉपकॉर्न भाजतात. आत्याने ठेवणीतली जांभळी इरकल नेसली, कुणाला न सांगता पर्समध्ये गुळाचा खडा घेतला आणि व्हीलचेअरवर अशी बसली की लिफ्टमधले लोक सरकून उभे राहिले.

अंधार झाला आणि पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते पाय. एका लहान मुलीचे. धुळीने पांढरे पडलेले, अंगठ्याला चिंधी बांधलेली, नखं तुटलेली. बराच वेळ नुसते पायच चालत होते आणि आवाज फक्त पाचोळ्याचा. "हां!" आत्या मोठ्याने म्हणाली. "हे पाय." पुढच्या रांगेतल्या एकाने वळून शुक केलं. आत्याने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो मध्यंतरापर्यंत हलला नाही.

मला मात्र काही दिसत नव्हतं. मी वाट बघत होते ती त्या खांद्याची. आणि तो प्रसंग आला. डोंगराची चढण, मुलगी खाली बसलेली, आणि काळी टोपी घातलेला तिचा बाप मागे वळून येतो, खाली वाकतो आणि तिला खांद्यावर घेतो. आत्याने माझं मनगट पकडलं. घट्ट, अगदी बांगडी रुतेपर्यंत. आता ही ओरडणार, उठणार, काठी आपटणार, असं मला वाटलं. पण ती पडद्याकडेच बघत राहिली. सिनेमा संपेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही.

बाहेर लोक तिच्या पाया पडत होते. ती मुलगी रडत होती. आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाय चांगले दाखवलेस. भूकही जमली. फक्त त्या बाईच्या साडीला एवढी इस्त्री नको होती." गूळ तिने पर्समधून बाहेर काढलाच नाही.

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मी पाणी दिलं आणि तिच्या पायाशी बसले. साठी उलटलेली बाई मी, पण शाळेत काच फोडल्यावर बसावं तशी बसले. सगळं सांगितलं. फोटो, लाडू, वय झालंय म्हणाले ते, सगळं.

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली.

मी मान वर केली.

"त्या पोरीने फोन केला होता तेव्हाच. चांगली आहे ती, विचारून लिहिते. म्हणाली, तुमची भाची असं असं सांगते, खरं काय धरू? तू भाजी आणायला गेली होतीस."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

आत्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग तिची मालवणी आली. मनातलं बोलताना तिची नेहमी मालवणीच येते. "माका बघूचा होता. बाबा चलताना."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आयुष्यभर मान वर केली नाही गो त्यांनी. मी शाळेत पहिली आले तरी आईकडे बघून हसायचे, माझ्याकडे नाही. मी एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का? तर म्हणाले, तू माझ्यावर रागवायला हवंस. मी कुठे रागावले होते? मला एवढंच वाटायचं की ते आले असते आमच्याबरोबर, तर किती बरं झालं असतं. आज आले. वाकले, मला उचललं. खोटं तर खोटं. नव्वदाव्या वर्षी का होईना, बघितलं."

ती रडत नव्हती. तिचा चेहरा अगदी शांत होता, आवडीचं काही पोटभर खाल्ल्यावर असतो तसा. मीच रडत होते.

"पण मग तो माणूस, आत्या?"

तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. "त्याचं वाईट वाटतं," ती म्हणाली. "दोघांतला एकच बसणार होता त्या खांद्याच्या जागी. मी बाबांना बसवलं. त्याला सांगायला हवं कुणीतरी."

यंदाच्या सर्वपित्री अमावास्येची तारीख मी कॅलेंडरात न बघता सांगितली. सकाळी उठून वडे मी केले, काळ्या वाटाण्याची आमटी आत्याच्या देखरेखीखाली झाली, म्हणजे तिने तीनदा मीठ कमी आहे म्हटलं. पानं वाढली. आजोबांचं, आजीचं, बाबांचं आणि त्याचं. गुळाचा खडा आत्याने स्वतः ठेवला. कागदात गुंडाळलेला, जांभळ्या साडीबरोबर सिनेमाला जाऊन आलेला.

"गुडघे चालत नाहीत," ती म्हणाली. "तू ने वर."

आजवर हे पान वर न्यायला तिने दुसऱ्या कुणाचा हात लावून घेतला नव्हता. मी वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेतली आणि पानं वर नेऊन पाण्याच्या टाकीजवळ मांडली. आजोबा, आजी, बाबा यांच्या पानांना कावळे पाच मिनिटांत शिवले. आमच्या घरची माणसं जेवणाला कधी उशीर करत नाहीत. त्याचं पान तसंच राहिलं. मी उभी होते. ऊन चढलं. कबुतरं आली, त्यांना हाकललं. मग इकडेतिकडे कुणी नाही बघून मी मोठ्याने सांगितलं, "आत्याला खांद्यावर तुम्हीच घेतलं होतं. मी खोटं बोलले. ती नाही विसरलेली. पुढच्या वर्षीपासून पान मी वाढीन." कावळा टाकीवर बसून माझ्याकडे मान वाकडी करून बघत राहिला. खाली काही उतरला नाही.

तासाभराने मी खाली आले. आत्याला औषधाच्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात आणि एक वाजून गेला होता. ती ताटावर बसली होती, पण तिने हात लावला नव्हता.

"तो जेवला का?" तिने विचारलं.

जेवला, हा शब्द माझ्या अगदी जिभेवर आला होता. म्हातारी भुकेली होती, गोळ्यांची वेळ टळली होती, आणि चौदाव्या मजल्यावरून गच्चीवरचं पान कुणाला दिसतंय?

"नाही अजून," मी म्हटलं.

आत्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि ताट थोडं पुढे सरकवलं. "मग थांबूया," ती म्हणाली. "तो थांबायचा ना माझ्यासाठी."

मी आमटीखालचा गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.